बेस वाजवणाऱ्यांची नावं

आधी एक विनंती करते, जमैकाचं रेगे संगीत मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्या एवढ्याशा स्पीकरमधून गाणारा ऐकू येतो, गिटारची ती तुटक चक्-चक् ऐकू येते, पण ज्याच्यावर सगळं गाणं उभं आहे तो बेस, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार, मात्र येतच नाही. मग लोक म्हणतात छान आहे, रिलॅक्सिंग आहे, समुद्रावर बरं वाटतं ऐकायला. मला हे एका बेस वाजवणाऱ्या मित्राने दाखवलं. त्याने मोठे हेडफोन हातात दिले आणि म्हणाला गाणाऱ्याकडे लक्षच देऊ नकोस, खाली काय चाललंय ते ऐक. खाली एक वेगळंच गाणं चाललं होतं. वरच्या गाण्यापेक्षा संथ, जड, मधेच गप्प होणारं, आणि जिथे ते गप्प व्हायचं तिथे अंगाला कळायचं की आत्ता काहीतरी यायला हवं होतं.

त्या गप्प होण्यालाही रेगेत नाव आहे, वन ड्रॉप. एक-दोन-तीन-चार मोजलंत तर बाकीच्या पॉप-रॉकमध्ये 'एक'वर जोर असतो, आपल्याकडेही समेवर सगळे येऊन मिळतात, आणि इथे नेमकी तीच जागा मोकळी सोडतात, किक ड्रमचा ठोका तिसऱ्यावर पडतो. बॉब मार्लीच्या गाण्यांत हा ठोका वाजवणारा माणूस कार्लटन बॅरेट आणि त्याच्या बाजूला बेसवर त्याचा मोठा भाऊ ॲस्टन, ज्याला सगळे 'फॅमिली मॅन' म्हणायचे. जगभर टीशर्टवर, भिंतींवर, रिक्षांच्या मागे एकच चेहरा आहे आणि तो चेहरा मलाही प्रिय आहे, पण रेगेचा वारसा म्हणजे काय असं कुणी विचारलं तर माझ्या मनात आधी ही खालची माणसं येतात. वाजवणारे, रेडिओ दुरुस्त करणारे, स्पीकर बांधणारे. त्यांनी जगाला जे दिलं ते प्रचंड आहे, आणि त्यातलं फार थोडं त्यांच्या नावावर आहे.

गोष्ट सुरू होते १९५० च्या आसपासच्या किंग्स्टनमध्ये, जमैकावर तेव्हा ब्रिटिशांचं राज्य होतं. चांगल्या हॉटेलात बँड वाजायचे पण ते पैसेवाल्यांसाठी, वस्तीतल्या माणसाकडे रेडिओसुद्धा नसायचा. मग कुणीतरी मोकळ्या अंगणात स्पीकर लावायचा, अमेरिकेतून आणलेल्या रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्ड्स वाजवायचा, दारात थोडे पैसे घ्यायचा आणि आत बिअर, खाणं विकायचा. याला म्हणतात साउंड सिस्टिम. आपल्याकडे मिरवणुकीत स्पीकरची जी भिंत असते ना, तशीच, फक्त ही आठवडाभर राबणाऱ्या माणसाची शनिवारची रात्र होती. अशा सुरुवातीच्या सिस्टिमांपैकी टॉम वाँगच्या सिस्टिमचे ॲम्प्लिफायर बनवले हेडली जोन्सने, जो दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात रडारचं काम शिकून आला होता. म्हणजे या संगीताच्या मुळाशी पहिल्यापासूनच एक तंत्रज्ञ बसलेला आहे, हे मला फार आवडतं.

या सिस्टिमवाल्यांमध्ये भयंकर चुरस. कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड हे दोघं मोठे, रीड तर आधी पोलिसात होता आणि बंदूक लावून फिरायचा. दुसऱ्याकडे नसलेली रेकॉर्ड आपल्याकडे असणं हीच खरी ताकद, म्हणून हे लोक रेकॉर्डवरचं लेबल खरवडून काढायचे, की गाणं कुणाचं आहे ते कुणालाच कळू नये. डॉडकडे विलिस जॅक्सन नावाच्या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याची एक रेकॉर्ड होती, तिचं त्याने 'कॉक्सन हॉप' असं नवंच नाव ठेवलं होतं, आणि शेवटी रीडने तिचं मूळ नाव शोधून काढलं आणि भर गर्दीत ती वाजवली ही गोष्ट किंग्स्टनचे जुने लोक रंगवून सांगायचे. मी ही गोष्ट वाचली तेव्हा मला त्या खरवडलेल्या लेबलाचंच जास्त वाटलं. पुढची चाळीस-पन्नास वर्षं या संगीतात जे होणार होतं त्याची सुरुवात तिथेच झालेली दिसते, गाणं सगळ्यांच्या अंगात भिनलेलं आणि नाव पुसलेलं.

बरं वाजवणारे आले कुठून, तर त्यातले बरेच जण आले अल्फा बॉइज स्कूलमधून. किंग्स्टनमधली ही शाळा कॅथलिक नन चालवायच्या, अनाथ, गरीब, घरच्यांना आवरत नाहीत अशी मुलं तिथे यायची आणि सुतारकाम, शिवणकाम, छपाई यांच्या जोडीला बँडमध्ये वाजवायला शिकायची. तिथल्या सिस्टर इग्नेशियस १९३९ पासून २००३ मध्ये जाईपर्यंत तिथेच होत्या, आणि त्यांच्याकडे स्वतःचा रेकॉर्डचा मोठा संग्रह होता, मुलांना त्या स्वतः रेकॉर्ड लावून ऐकवायच्या. १९६४ मध्ये स्कॅटलाइट्स हा बँड उभा राहिला त्यातले टॉमी मॅकुक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग हे चौघे अल्फाचे. ड्रमंडचा ट्रॉम्बोन ऐकला की मला दर वेळी अवघडल्यासारखं होतं. इतका उदास आणि इतका सुंदर आवाज, आणि त्याच माणसाने १९६५ च्या पहिल्या दिवसांत आपल्या प्रेयसीचा, नर्तकी अनिता महफूदचा खून केला आणि पुढे १९६९ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारला. अनिता स्वतःही गायची. तिचं नाव मात्र त्याच्या गोष्टीतलं एक पात्र म्हणूनच येतं, हे मला पटत नाही.

६ ऑगस्ट १९६२ ला जमैका स्वतंत्र झाला तेव्हा रस्त्यावर स्का वाजत होता, वेगवान, उड्या मारायला लावणारा, ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाला. मग १९६६ च्या सुमाराला ही लय अचानक हळू झाली, त्याला रॉकस्टेडी म्हणायला लागले. कुणी म्हणतं त्या वर्षी उन्हाळा फार होता, लोकांना नाचवेना, कुणी म्हणतं स्वातंत्र्याचा उत्साह ओसरला होता. कारण काहीही असो, लय हळू झाल्यावर दोन ठोक्यांच्या मधे जागा झाली आणि त्या जागेत बेस शिरला. आधी बेस फक्त चालत राहायचा, एकसारखा, आता तो बोलायला लागला, थोडं वाजवायचं, थांबायचं, पुन्हा वाजवायचं. १९६८ मध्ये टूट्स हिबर्टच्या मेटल्स या गटाने रेगे हा शब्द रेकॉर्डच्या नावात घातला आणि तेव्हापासून तेच नाव राहिलं.

डॉडचा स्टुडिओ वन ब्रेंटफोर्ड रोडवर होता. २००४ मध्ये त्या रस्त्याला स्टुडिओ वन बुलेव्हार्ड असं नाव दिलं आणि मग काही दिवसांतच डॉड वारला. तिथे ऑर्गनवर जॅकी मिटू, बेसवर लेरॉय सिबल्स, अशी मंडळी रोज कामाला यावं तशी यायची आणि दिवसभर ट्रॅक वाजवायची. पैसे मिळायचे गाण्यामागे, एकदाच, ठोक. नंतर ते गाणं कितीही विकलं गेलं तरी वाजवणाऱ्याचा संबंध संपला. १९७२ मध्ये जिमी क्लिफचा 'द हार्डर दे कम' हा सिनेमा आला, त्यात गावाकडून आलेल्या गायकाला प्रोड्युसर गाण्याचे वीस डॉलर देऊ करतो, घे नाहीतर जा. तो सीन किंग्स्टनच्या थिएटरमधल्या प्रेक्षकांना समजावून सांगायची गरज पडली नसणार.

आता इथून मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते येतं.

साठच्या दशकाच्या शेवटी रुडी रेडवूड नावाचा एक सिस्टिमवाला ड्यूक रीडच्या ट्रेझर आइल स्टुडिओतून एका गाण्याची खास प्रत कापून घेऊन गेला, आणि इंजिनिअरकडून त्या प्रतीत गायकाचा आवाज टाकायचा राहून गेला होता. रेडवूडने ती तशीच वाजवली. नुसता ड्रम, बेस, गिटार. आणि लोक वेडे झाले, कारण गाणं सगळ्यांना पाठ होतं, मोकळ्या ट्रॅकवर गर्दी स्वतःच गायला लागली. तिथून मग प्रत्येक रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गाण्याशिवायचा ट्रॅक टाकायची पद्धत पडली, त्याला म्हणायचे व्हर्जन. आणि खालचा तो ड्रम-बेसचा जो सांगाडा, त्याला म्हणायचे रिडिम. एका रिडिमवर आज एक गायक गाणार, उद्या दुसरा वेगळीच चाल आणि वेगळे शब्द घेऊन येणार, परवा तिसरा नुसतं बोलणार. ज्याने रिडिम वाजवला त्याला कुणी विचारत नव्हतं आणि बहुतेक वेळा सांगतही नव्हतं.

किंग टबी हा माणूस याच काळातला. खरं नाव ऑस्बर्न रडक, व्यवसाय रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुरुस्ती. स्वतः ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा, ॲम्प्लिफायर बांधायचा, वॉटरहाउस वस्तीत ड्रोमिली ॲव्हेन्यूवर त्याचं घर होतं आणि त्या घरातच त्याने स्टुडिओ केला, इतका लहान की तिथे फक्त गाणाऱ्याचा आवाज रेकॉर्ड होऊ शकायचा, अख्खा बँड मावायचाच नाही. म्हणून त्याच्याकडे दुसऱ्या स्टुडिओत वाजवलेल्या टेप यायच्या आणि तो त्यांचं मिक्सिंग करायचा. त्याच्याकडे चार ट्रॅकचा एक जुना मिक्सर होता, मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेला, त्यात त्याने आपले बदल केले. मग तो काय करायचा, तर गाणं चालू असताना गायकाचा आवाज मधेच कापायचा, अर्धा शब्द ठेवायचा, त्या अर्ध्या शब्दाला इको लावून हवेत सोडायचा, गिटार एकदम आणून नाहीशी करायचा, आणि खाली ड्रम-बेस तेवढे चालू. हे डब. ऐकताना असं वाटतं की गाण्याच्या घरातल्या भिंती कुणीतरी हलवतोय. हे सगळं हाताने, एका दमात, टेप चालू असताना, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. ऑगस्टस पाब्लो नावाचा एक मुलगा शाळेतल्या पोरांचं वाद्य, मेलोडिका, घेऊन यायचा, आणि टबीने त्याच्या ट्रॅकवर जे काम केलंय ते मी कितीही वेळा ऐकलं तरी मला पूर्ण समजलंय असं वाटत नाही.

एका मेकॅनिकने मिक्सर हे वाद्य आहे हे दाखवून दिलं. आज जगातला कुठलाही डीजे, कुठलाही रीमिक्स करणारा, आपल्या हिंदी सिनेमातल्या गाण्याचं क्लब व्हर्जन करणारासुद्धा, त्याच रस्त्यावरून चाललाय. ६ फेब्रुवारी १९८९ ला, म्हणजे मार्लीच्या वाढदिवशीच, टबीला त्याच्या घराबाहेर गोळी घातली. ती कुणी घातली ते आजपर्यंत उलगडलेलं नाही.

टबीच्या सिस्टिमवर माइक घेऊन बोलणारा यू-रॉय. रिडिम चालू, त्यावर हा लयीत बोलतोय, मधेच ओरडतोय, गायकाच्या ओळीला उत्तर देतोय. १९७० मध्ये ड्यूक रीडने त्याची गाणी काढली तर जमैकाच्या यादीत पहिल्या तिन्ही जागा त्याच्याच. आणि त्याच किंग्स्टनमधला क्लाइव्ह कॅम्पबेल हा मुलगा बारा वर्षांचा असताना घरच्यांबरोबर न्यूयॉर्कला गेला, त्याच्या डोक्यात ते मोठे स्पीकर होतेच. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समध्ये १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत त्याच्या बहिणीने पार्टी ठेवली आणि तो रेकॉर्ड्स वाजवायला उभा राहिला, नाव लावलं कूल हर्क. हिपहॉपचा जन्म म्हणून जग ही तारीख मानतं. त्याने जमैका जशीच्या तशी उचलून तिथे ठेवली असं नाही, तिथल्या लोकांना फंक हवं होतं, त्याने फंक वाजवलं. पण मोठी सिस्टिम, गाण्यातला गाण्याशिवायचा तुकडा लांबवणं, माइकवर बोलणारा, हे आलं कुठून ते ऐकणाऱ्याला कळतं.

आणि एक गोष्ट तर मी भेटेल त्याला सांगते. १९८० मध्ये जपानमध्ये कॅसिओ कंपनीत हिरोको ओकुदा नावाची मुलगी संगीताचं शिक्षण संपवून नुकतीच लागली. तिला रेगेचं इतकं वेड की कॉलेजातला प्रबंधच रेगेवर लिहिलेला. तिला काम दिलं एका स्वस्त छोट्या कीबोर्डसाठी तयार ताल भरायचं, त्यातला 'रॉक' नावाचा ताल तिने केला. तो कीबोर्ड, एमटी-४०, फिरत फिरत किंग्स्टनला पोचला, आणि १९८५ मध्ये टबीच्याच हाताखाली शिकलेल्या किंग जॅमीने तो ताल संथ करून त्यावर वेन स्मिथकडून गाणं गाऊन घेतलं, 'अंडर मी स्लेंग टेंग'. एका रात्रीत सगळं बदललं म्हणतात ते अशा वेळी खरं असतं. बँड नको, बेसवाला नको, एक खेळण्यासारखा कीबोर्ड पुरे. त्या रिडिमवर नंतर शेकडो गाणी झाली. किंग्स्टनमधून निघालेली लय टोकियोत एका मुलीच्या मनात राहिली आणि एका मशीनमध्ये बसून परत घरी आली, मला हे आठवलं की खूप आनंद होतो. पण त्याच वेळी स्टुडिओ वनला बसून रोज बेस वाजवणाऱ्या माणसांचं काम गेलं, हेही मला विसरता येत नाही.

मार्लीबद्दल आता. १९४५ साली नाइन माइल या डोंगरातल्या गावात जन्म, मग आईबरोबर ट्रेंच टाउन. तिथे जो हिग्ज नावाचा गायक आपल्या अंगणात पोरांना फुकट शिकवायचा, सूर कसा लावायचा, तिघांनी मिळून कसं गायचं, आणि मार्ली, पीटर टॉश, बनी वेलर तिथेच घडले. १९७३ मध्ये लंडनहून रेकॉर्ड कंपनी चालवणाऱ्या क्रिस ब्लॅकवेलने त्यांचा 'कॅच अ फायर' हा अल्बम काढला, त्यात परदेशी कानांना रुचावं म्हणून रॉक गिटार वरून घातली. पुढे टॉश आणि बनी वेगळे झाले, आणि त्यांचं संगीत वेगळं ऐकायला हवं, टॉशचा 'इक्वल राइट्स' (१९७७) आणि बनीचा 'ब्लॅकहार्ट मॅन' (१९७६) हे माझ्या मते मार्लीच्या कुठल्याही अल्बमच्या शेजारी ताठ उभे राहतात.

मार्लीची दोन दृश्यं सगळे सांगतात. २२ एप्रिल १९७८, किंग्स्टन, रस्त्यावर दोन पक्षांची पोरं एकमेकांना गोळ्या घालतायत आणि मार्ली स्टेजवर पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी नेता एडवर्ड सिआगा यांना बोलावून दोघांचे हात डोक्यावर एकत्र धरतो. फोटो खरंच विलक्षण आहे. पण त्याच रात्री आधी टॉशने गाणं थांबवून याच पुढाऱ्यांना समोर बसवून बराच वेळ सुनावलं होतं, आणि काही महिन्यांनी पोलिसांनी त्याला अर्धमेला होईस्तोवर मारलं. ज्या शांततेच्या करारासाठी हा कार्यक्रम होता तो घडवून आणणाऱ्या दोन्ही बाजूंच्या म्होरक्यांपैकी क्लॉडी मॅसपला १९७९ मध्ये पोलिसांनीच गोळ्या घातल्या, दुसरा बकी मार्शल १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मारला गेला, आणि १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात आठशेहून जास्त माणसं मेली. गाण्याने ते थांबलं नाही. मला हे सांगायलाच हवं असं वाटतं कारण तो फोटो बघून आपण समजतो की थांबलं.

दुसरं दृश्य झिम्बाब्वेचं. एप्रिल १९८०, रुफारो स्टेडियम, तेव्हाचं सॅलिसबरी, गोऱ्यांचं राज्य संपून नवा झेंडा चढतोय, मार्ली स्वतःच्या खर्चाने सगळी सामग्री विमानाने घेऊन गेलाय. बाहेर राहिलेली गर्दी आत घुसायला बघते, पोलीस अश्रुधूर सोडतात, तो धूर स्टेजवर येतो, मागे गाणाऱ्या बायका डोळे चोळत आत पळतात. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाजवतो, या वेळी सर्वसामान्य लोकांसाठी. जेमतेम वर्षभरानंतर, ११ मे १९८१ ला, तो गेला, छत्तीस वर्षांचा. आणि १९८४ मध्ये 'लेजंड' नावाचा निवडक गाण्यांचा अल्बम आला, जो कोट्यवधी खपला आणि ज्याच्यातून बहुतेक जग मार्ली शिकलं. त्यात प्रेमाची, दिलाशाची गाणी भरपूर आहेत, पण ज्या गाण्यांत तो खरा संतापलेला आहे ती बहुतेक बाहेर राहिली. 'वॉर' त्यात नाही, जिचे शब्द इथिओपियाच्या हेले सेलासीने १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणातून घेतलेत. झिम्बाब्वेत गायलेलं 'झिम्बाब्वे'ही नाही.

त्याचं सगळ्यात लाडकं गाणं, रडणाऱ्या बाईला धीर देणारं, 'नो वुमन नो क्राय', त्याच्या गीतकाराच्या जागी मार्लीचं नावच नाही. तिथे आहे व्हिन्सेंट फोर्ड, ट्रेंच टाउनमध्ये भुकेल्यांसाठी स्वयंपाकघर चालवणारा त्याचा मित्र, ज्याच्याकडे मार्ली स्वतः पोरगा असताना जेवलाय. काही म्हणतात मार्लीचं जुन्या प्रकाशकाशी भांडण होतं म्हणून त्याने तसं केलं, काही म्हणतात रॉयल्टीतून ते स्वयंपाकघर चालत राहावं म्हणून. दोन्ही खरं असू शकतं. मला त्यातलं दुसरं धरून बसायला आवडतं.

पण मग फॅमिली मॅनचं काय? त्याने लंडनच्या कोर्टात रेकॉर्ड कंपनी आणि मार्ली कुटुंबाविरुद्ध रॉयल्टीसाठी दावा लावला, आणि २००६ मध्ये तो हरला, कारण १९९४ मध्ये एक रक्कम घेऊन त्याने हक्क सोडल्याचा समझोता केलेला होता. कायद्याने बरोबर असेल. मी तो बेस ऐकते आणि माझ्या मनाला ते बरोबर वाटत नाही. फॅमिली मॅन २०२४ च्या फेब्रुवारीत गेला. भाऊ कार्लटन तर १९८७ मध्येच घराच्या दारात गोळीने गेला होता, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टॉशही.

हे असं फक्त एका बँडचं नाही. १९६० च्या सुमाराला प्रोड्युसर प्रिन्स बस्टरने 'ओ कॅरोलिना' रेकॉर्ड केलं, त्यात काउंट ऑसी या रास्ताफारी पंथातल्या ढोलवादकाला आणि त्याच्या माणसांना घेतलं, तेव्हा रास्ता म्हणजे समाजाने ओवाळून टाकलेले लोक, पोलीस त्यांचे केस कापायचे, १९६३ मध्ये कोरल गार्डन्सला त्यांच्यावर जो अत्याचार झाला त्याची माफी सरकारने मागितली २०१७ मध्ये. त्या ढोलांना स्टुडिओत आणणं ही मोठी हिंमत होती. मग १९९३ मध्ये शॅगीने तेच गाणं नव्याने गायलं, ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं, आणि गाणं कुणाचं यावरून ते मूळ गाणारा जॉन फोक्स आणि बस्टर लंडनच्या कोर्टात. कोर्टाने फोक्सच्या बाजूने निकाल दिला. स्वतः जमैकाचा नवा कॉपीराइट कायदा आला १९९३ मध्ये, तोवर १९११ चा ब्रिटिश कायदाच चालू होता. रेगेचा सगळा सुवर्णकाळ त्या जुन्या कायद्याखाली होऊन गेला.

मला यात दोन्ही बाजू ओढतात. रिडिम कुणाच्याच मालकीचा नव्हता म्हणूनच तो सगळ्यांचा झाला, म्हणून टबीला तो मोडता आला, यू-रॉयला त्यावर बोलता आलं. पहिल्यापासून वकील बसले असते तर यातलं अर्धंही झालं नसतं असं मला खरोखर वाटतं. पण ज्यांनी तो मोकळा सोडला ते गरीब राहिले आणि ज्यांनी लेबल छापलं ते श्रीमंत झाले, हेही तितकंच खरं आहे, आणि 'संगीत सगळ्यांचं असतं' हे वाक्य मी आता सहज म्हणू शकत नाही.

आपला इथला संबंध थोडा आहे पण आहे. १८४५ पासून जमैकाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून ३६,०००च्या आसपास मजूर गेले, बहुतेक उत्तरेकडचे, गांजा तिथे त्यांच्याबरोबरच गेला, आणि रास्ताफारींचा पहिला प्रचारक लेनर्ड हॉवेल याने आपली पुस्तिका जी. जी. मराघ या नावाने काढली, महाराजसारखं काहीतरी नाव. पुढे बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमधला पंजाबी घरातला स्टीव्हन कपूर 'अपाची इंडियन' झाला, १९९३ मधलं त्याचं 'बूम शॅक-अ-लॅक' आमच्या शाळेच्या गॅदरिंगलाही वाजलंय. गोव्यात २०१६ पासून दिल्लीच्या रेगे राजाज मंडळींनी गोवा सनस्प्लॅश हा खास रेगेचा फेस्टिव्हल सुरू केला. आणि दिल्लीतच तरू दालमियाने स्वतः बांधलेली साउंड सिस्टिम उभी केली, कारण त्याचं म्हणणं असं की हे संगीत त्या स्पीकरांशिवाय अर्धंच आहे. मी त्याच्याशी शंभर टक्के सहमत आहे. हरमल-हणजूणच्या शॅकमध्ये 'लेजंड' मंद आवाजात चालू असतो ते मला वाईट वाटत नाही, लोक खुश असतात, पण सिस्टिमसमोर उभं राहून छातीत बेस ऐकणं ही गोष्टच वेगळी आहे.

शेवटी सिस्टर नॅन्सी, नन नव्हे, गायिका, कारण या सगळ्या गोष्टीची ती एकटी साक्ष आहे. १९६६ मध्ये टूट्सच्या मेटल्सनी 'बॅम बॅम' गाऊन जमैकाची पहिली फेस्टिव्हल साँग स्पर्धा जिंकली. १९७३ मध्ये ॲन्सल कॉलिन्सने विन्स्टन रायलीसाठी 'स्टॅलॅग' नावाचा रिडिम केला. १९८२ मध्ये वीस वर्षांची नॅन्सी त्या रिडिमवर उभी राहिली, टूट्सचे ते दोन शब्द तिने धरले आणि बाकी सगळं स्वतःचं घातलं, पुरुषांनी भरलेल्या त्या धंद्यात एक मुलगी माइक घेऊन आत्मविश्वासाने सांगतेय की मी आलेय. जमैकात ते गाणं फारसं चाललं नाही. १९९६ मध्ये ती न्यू जर्सीला गेली, बँकेत हिशेबाची नोकरी धरली, आणि १९९८ मध्ये आलेल्या 'बेली' नावाच्या सिनेमात तिला आपलंच गाणं ऐकू आलं. त्याच वर्षी लॉरिन हिलच्या गाण्यात ते होतं, पुढे २०१६ मध्ये कान्ये वेस्टच्या, आणखी कितीतरी जणांच्या. तोवर रेगेतलं सगळ्यात जास्त उचललं गेलेलं गाणं म्हणून लोक त्याचं नाव घ्यायला लागले होते. बत्तीस वर्षं तिला त्याचा एक पैसा मिळाला नाही, असं तिने स्वतः सांगितलंय. २०१४ मध्ये बुटांच्या एका टीव्ही जाहिरातीत गाणं वाजलं तेव्हा ती वकिलाकडे गेली आणि तिला गाण्याच्या हक्कातला वाटा मिळाला, मागच्या दहा वर्षांची रॉयल्टी मिळाली. मग तिने बँकेतली नोकरी सोडली. आता साठी ओलांडलेली नॅन्सी जगभर फिरून गाते, आणि 'बॅम बॅम' सुरू झालं की पुढच्या रांगेतल्या, तिच्या नातींच्या वयाच्या मुली पहिल्या शब्दापासून तिच्याबरोबर गातात.